मराठवाड्यात जुना ट्रॅक्टर पारखून कसा घ्यावा

जुना ट्रॅक्टर पाहायला जाण्यापूर्वी त्या मॉडेलचे सामान आपल्या तालुक्याच्या गावी मिळते काय आणि ते खोलणारा मिस्त्री पंचक्रोशीत आहे काय, याची चौकशी करावी. ज्या मॉडेलचा खप मोठा, त्याचे सुटे भाग उत्पादन थांबल्यावरही मिळत राहतात. इंग्लंडमध्ये १९४६ ते १९५६ या काळात फर्ग्युसन टीई-२० हा ट्रॅक्टर ५ लाखांहून अधिक संख्येने तयार झाला आणि त्याचे भाग आजही मिळतात. आपल्याकडे महिंद्रा ५७५ किंवा मॅसी १०३५ यांना हाच न्याय लागू पडतो. हरियाणातील पिंजोरचा एचएमटी ट्रॅक्टर विभाग बंद करण्याचा निर्णय मात्र २०१६ मध्ये झाला, त्यामुळे एचएमटी घेताना ही चौकशी अधिक कसून करावी. कमी खपाचा ट्रॅक्टर स्वस्तात पडला, पण एका सीलपायी चार दिवस उभा राहिला, तर काळ्या रानाचा वापसा (मशागतीजोगा ओलावा) तोवर निघून गेलेला असतो.

इंजिन गार असतानाच पोहोचावे आणि बोनेटला हात लावून तशी खात्री करावी, कारण गार इंजिन सुरू होताना कुरकुरते हे लपवायला काही विकणारे ते आधीच तापवून ठेवतात. सुरू झाल्यावर ऑइल भरायचे झाकण काढावे; तेथून धूर जोराने येत असेल, तर इंजिनातल्या पिस्टनच्या रिंगा व लायनर झिजले आहेत असे समजावे.

मागे अवजार उचलणारी तीन सांध्यांची हायड्रॉलिक लिफ्ट ही फर्ग्युसनचीच देणगी. तिच्यावर पल्टी नांगर उचलून इंजिन बंद करावे. नांगर भराभर खाली आला, तर लिफ्टचे काम निघणार हे गृहीत धरून किंमत ठरवावी.

खरी गोम ऊसवाहतुकीत असते. गाळपाच्या हंगामात दोन-दोन ट्रॉल्या ओढलेल्या ट्रॅक्टरचा क्लच, ब्रेक आणि गिअरबॉक्स शेतातल्या कामापेक्षा लवकर खचतो. विकणारा ‘घरचीच शेती केली’ म्हणाला, तरी मागच्या हूकचे भोक पाहावे. ते लांबट झाले असेल, तर ट्रॅक्टरने ट्रॉल्या बऱ्याच ओढल्या आहेत. नवा रंग या भोकाला गोल करू शकत नाही.

शेवटी आरसीवरील चॅसिस व इंजिन नंबर प्रत्यक्ष ताडून पाहावेत आणि हस्तांतरणाच्या फॉर्म २९ व ३० वर सह्या घ्याव्यात. ट्रॅक्टरवर कर्ज असल्यास बँकेकडून बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५ घेऊन तशी नोंद होईपर्यंत पूर्ण रक्कम देऊ नये.