लेझर क्लॅडिंग करताना या चुका टाळा

पोलादी शाफ्टवर धातूची पावडर लेझरने वितळवून चढवलेला थर, म्हणजेच क्लॅडिंग, लवकर झिजला की पहिला दोष पावडरीला दिला जातो. माझ्या पाहण्यात मात्र पावडर बहुधा ठीक असते आणि घाई नडलेली असते.

सर्वांत महागात पडणारी चूक म्हणजे थर सुटेल या धास्तीने पॉवर वाढवत नेणे. पक्क्या जोडासाठी मूळ पोलादाचा अगदी पातळ पापुद्रा वितळला तरी पुरतो; थरात मिसळणारे पोलाद, म्हणजेच डायल्यूशन, ५ टक्क्यांच्या आसपास राहावे, हा माझा दंडक आहे. निकेल मिश्रधातूच्या पावडरीत टंगस्टन कार्बाइडचे अतिकठीण कण असतील, तर जादा उष्णतेने आणखी नुकसान होते. एका मिक्सरचा शाफ्ट असाच टवके उडून परत आला. कठिणतेचा आकडा उत्तम होता, त्यामुळे ऑपरेटर निर्धास्त होता. तुकडा कापून, पॉलिश करून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला, तेव्हा कार्बाइडच्या गोल कणांच्या कडा कुरतडल्यासारख्या दिसल्या आणि बरेचसे कण तळाशी बसलेले आढळले. त्यांची घनता निकेलच्या जवळजवळ दुप्पट असल्याने वितळलेला धातू थिजायला वेळ लागला की ते खाली जातातच. विरघळलेल्या टंगस्टन व कार्बनने भोवतालचा धातू कठीण केला होता, पण ठिसूळही. नव्या सेटिंगचा नमुना कापून पाहिल्याशिवाय मी मूळ कामाला हात लावू देत नाही. त्यात अर्धा दिवस गेला तरी चालेल.

दुसरी चूक म्हणजे ईएन २४ सारखे, सहज कडक होणारे मिश्रपोलाद आधी न तापवणे. ‘लेझरची उष्णता कमीच असते’ हा नवशिक्यांचा आवडता युक्तिवाद. पण नेमके त्यामुळेच थराखालचा भाग झटकन थंड होऊन तेथे मार्टेन्साइट, म्हणजे पोलादाची कडक पण ठिसूळ रचना, तयार होते. मी अशी कामे ३०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापवून घेतो आणि नंतर सिरॅमिक ब्लँकेटमध्ये गुंडाळून सावकाश निववतो. थंड होताना ‘टिक्’ असा आवाज आला, तर तडा गेला असे समजावे. डाय पेनिट्रंट तपासणी (रंगीत द्रव लावून तडे शोधणे) त्याच संध्याकाळी उरकून थांबू नये, दुसऱ्या दिवशी पुन्हा करावी.

जुना नायट्रायडिंगचा (पोलादात नायट्रोजन मुरवून कडक केलेला) किंवा हार्ड क्रोमचा (क्रोमियमच्या कडक मुलाम्याचा) थर पूर्ण घासून काढावा. नायट्रायडिंग उरले, तर बाहेर पडणारा नायट्रोजन थरात छिद्रे पाडतो. पावसाळ्यात उघडी राहिलेली पावडर वाळवल्याशिवाय फीडरमध्ये (लेझरकडे पावडर सोडणाऱ्या यंत्रात) भरू नये. कार्बाइडच्या थराचे फिनिशिंग डायमंड व्हीलनेच करावे. साधे व्हील लावून पैसे वाचवणारे पृष्ठभाग जाळतात आणि तक्रार पुन्हा क्लॅडिंगवाल्याकडेच घेऊन येतात.