लॉन कापायच्या आधी जुनी पेन्सिल घ्या

पाऊस लागला की इंदूरला हरळी भराभर वाढते. सारखं कापायला नको म्हणून आपण ती एकदाच मुळापर्यंत भादरतो आणि लॉन पिवळं पडतं.

१. पेन्सिलीवर मागच्या टोकापासून ४ आणि ६ सेंटिमीटरवर खुणा करा. तेच टोक गवतात मातीवर टेकवा.

२. पाती ६च्या खुणेला पोचली की ४वर कापा. एका वेळी एक तृतीयांशाहून जास्त पातं कापू नका. उशीर झाला असेल तर दोन टप्प्यांत कापा, मध्ये चार दिवस सोडून. बारीक कतरण तिथेच राहू द्या, तिचं खत होतं.

३. कापलेलं एक पातं हातात घेऊन बघा. टोक चिंधीसारखं फाटलेलं, पांढुरकं दिसलं तर ब्लेडला धार लावा. आमच्याकडे दोन पावसाळे मी खतच घालत राहिलो. दोष बोथट ब्लेडचा होता.

आपली माळव्याची काळी माती ओली असताना मशीन फिरवू नका, चाकं रुततात. दोन दिवस उघडीप मिळू द्या.

आणि ब्लेडमध्ये अडकलेलं गवत काढण्याआधी विजेच्या मशीनचा प्लग बोर्डातून काढाच. नुसतं बटण बंद करून हात घालू नका.