दुसरीतलं मूल कुठवर आलंय, घरीच बघा

निपुण भारत हे लहान पोरांच्या वाचन-गणितासाठीचं केंद्र सरकारचं अभियान २०२१ मध्ये सुरू झालं, त्यात तिसरीपर्यंतच्या प्रत्येक इयत्तेचं लक्ष्य सरळ दिलंय. पहिलीच्या शेवटी चार-पाच सोप्या शब्दांचं वाक्य वाचता यावं आणि ९९ पर्यंतचे अंक यावेत, दुसरीत मिनिटाला ४५ ते ६० शब्द अर्थासकट आणि ९९९ पर्यंत, तिसरीत किमान ६० शब्द, ९९९९ पर्यंतचे अंक आणि सोपा गुणाकार.

आता तपासायचं कसं, तर शाळेचं पुस्तक नका घेऊ, कारण ते धडे पोरांना पाठ असतात. न वाचलेली छोटी गोष्ट द्या, मोबाईलवर एक मिनिट लावा, मधे टोकू नका, शब्द मोजा, आणि मग विचारा की काय झालं गोष्टीत? हे विचारणं सगळ्यात महत्त्वाचं. माझी भाची घडाघडा वाचायची पण विचारलं की गप्प, मग आम्ही रोज रात्री एकच पान वाचून ते तिच्याकडून आजीला सांगायला लावलं, दोन महिन्यांत फरक दिसला.

जोडाक्षरांवर अडखळलं तर घाबरू नका, दुकानांच्या पाट्या वाचायला लावा.

गणितात मराठी पोरं एकोणतीस, एकोणचाळीसला हमखास अडकतात, एकोणतीस म्हटलं की ३९ लिहितात, कारण कानावर 'तीस' पडतो. काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे करा, तीन गठ्ठे ठेवून त्यातली एक काडी त्यालाच काढायला सांगा, उरल्या त्या एकोणतीस. आणि हो, त्याच्यासमोर शेजारच्या मुलाशी तुलना अजिबात नको.