शिडाच्या बोटीवर राहायला जाताय? रोजच्या कामांबद्दल थोडं

बोटीवर राहायचं ठरवलेले लोक मला वादळाबद्दल विचारतात, शिडांबद्दल विचारतात. पाणी कसं भरता, कपडे कुठे धुता हे कुणी विचारत नाही, आणि दिवस तर त्यातच जातो, म्हणून मुद्दाम लिहितेय.

सगळ्यात आधी पाणी. धक्क्याला बोट बांधलेली असेल तर पाइप लावून टाकी भरता येते, पण नांगर टाकून राहत असाल तर डिंघी म्हणजे ती छोटी होडी घेऊन किनाऱ्यावर जायचं, कॅन भरायचे, परत यायचं आणि हलत्या डिंघीतून हलत्या बोटीवर ते उचलून चढवायचे. 20 लिटरचा कॅन म्हणजे 20 किलो वजन. सुरुवातीला मी असे चार एकदम आणले, वाटेत वारा वाढला आणि लाटांचं पाणी डिंघीत यायला लागलं, खूप घाबरले होते. तेव्हापासून 10 लिटरचेच कॅन वापरते, फेऱ्या वाढल्या तरी चालतील.

कपड्यांचं एक नीट समजून घ्या. समुद्राच्या पाण्यात धुतलेला टॉवेल कडक उन्हात वाळतो, पण संध्याकाळी हात लावला की दमट आणि चिकट लागतो, कारण त्यात राहिलेलं मीठ हवेतला ओलावा ओढून घेतं. म्हणून शेवटचं खळबळणं गोड्या पाण्यातच करायचं, थोडं का असेना. मी झाकणाच्या बादलीत कपडे आणि साबण घालून निघायच्या आधी बादली घट्ट बांधून ठेवते, बोट हलते तसे कपडे आपोआप घुसळले जातात. भांडी मात्र पाणी स्वच्छ असेल तिथेच समुद्राच्या पाण्याने घासा, बंदरातल्या पाण्याने अजिबात नको.

किराणा आणला की पुठ्ठ्याचे खोके बोटीत न्यायचे नाहीत, झुरळांची अंडी त्यातूनच येतात. सामान डेकवरच डब्यात भरा आणि कुठल्या कप्प्यात काय ठेवलं ते वहीत लिहा, नाहीतर डाळ शोधायला अख्खी बोट उपसावी लागते.

गॅसच्या बाबतीत मी फार कडक आहे. हा गॅस हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली बिल्जमध्ये म्हणजे बोटीच्या तळाच्या पोकळीत साचतो आणि एका ठिणगीने स्फोट होऊ शकतो. स्वयंपाक झाला की शेगडीचं बटण तर बंद करायचंच, शिवाय सिलिंडरचा व्हॉल्व्हही, दर वेळी, कितीही कंटाळा आला तरी.

सकाळी उठल्यावर बिल्ज बघायची सवय लावा. पाणी दिसलं तर मी बोटावर थेंब घेऊन चाखते (त्यावर डिझेल तरंगत नसेल तरच), खारट लागलं तर समुद्राचं पाणी कुठून तरी आत येतंय आणि लगेच शोधायला हवं, गोडं असेल तर बहुतेक टाकी किंवा तिचा पाइप गळतोय.

किनाऱ्यावर जाताना डिंघी लांब दोरीने बांधा, भरती असताना आखूड बांधली तर ओहोटीला ती धक्क्यावरून लटकते. मोटरचा सेफ्टी कॉर्ड मनगटाला किंवा पायाला अडकवाच, म्हणजे तुम्ही पाण्यात पडलात तरी मोटर बंद होते. आणि परतायला संध्याकाळ होणार असेल तर नांगराचा दिवा लावूनच निघा, नियमाने तो लागतोच, शिवाय अंधारात एकसारख्या दिसणाऱ्या बोटींमधून आपली शोधायला तोच कामी येतो.