रंधा मशीनची पाती बदलताना

आयटीआयमध्ये सुतारकाम शिकून जळगाव-धुळ्याकडच्या कारखान्यांत नव्याने येणाऱ्या मुलांना रंधा मशीनवर फळी ढकलणे लवकर जमते. पाती बदलून ती टेबलाशी जुळवण्याचे काम मात्र ती बरेच दिवस मिस्त्रींवरच सोपवतात. माझ्या मते हे काम सुरुवातीलाच शिकून घ्यावे, कारण आपल्याकडे पाती फार लवकर बोथट होतात. सागवानात मुळातच सिलिका असते, त्यात खानदेशातील धाब्याच्या, म्हणजे मातीच्या सपाट छपराच्या, घरांतून निघालेल्या जुन्या तुळया रंध्यावर आल्या की त्यांच्या भेगांत धाब्याची माती आणि लाकडाच्या रंगाचे झालेले गंजके खिळे असतात. अशी तुळई तारेच्या ब्रशने घासून आणि खिळे उपसूनच मशीनवर घ्यावी.

पाती बदलण्यापूर्वी स्टार्टरचे लाल बटण दाबून थांबू नये. मेन स्विच पाडावा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवावेत आणि पट्टा उतरवावा. गेलेली वीज केव्हा परत येईल याचा नेम नसतो, आणि साध्या स्विचवर जोडलेली मशीन वीज येताच आपोआप फिरू लागते. (नो-व्होल्ट कॉइल, म्हणजे वीज गेली की स्विच आपोआप पाडणारी कॉइल, असलेला स्टार्टर हा धोका टाळतो, नवीन ठिकाणी कामाला लागताना तो आहे का, हे आधी विचारावे.) उन्हाळ्यात गळ्यात असणारा रुमालही मशीनजवळ जाण्यापूर्वी काढून ठेवावा. हातमोजे पाती हाताळताना घालावेत, पण मशीन चालू असताना कधीही घालू नयेत.

कटर ब्लॉक, म्हणजे पाती बसवलेला फिरता दंडगोल, फिरू नये म्हणून लाकडी पाचर मारावी, बोल्ट थोडे थोडे करून सैल करावेत आणि खाचेतला भुसा व चीक रॉकेलच्या बोळ्याने पुसून काढावा, कारण तिथे उरलेला एक कणसुद्धा पात्याला तिरके बसवतो. पाते ब्लॉकच्या बाहेर साधारण 1 मिलिमीटर राहील असे बसवून बोल्ट हलकेच आवळावेत.

सर्वाधिक वेळ जुळवणीला द्यावा. फळी कापून झाल्यावर ज्या टेबलावर येते, त्याची पातळी पात्याच्या सर्वोच्च बिंदूशी जुळलेली असावी लागते. एक सरळ लाकडी पट्टी त्या टेबलावर ब्लॉकच्या पुढे येईल अशी ठेवावी आणि ब्लॉक हाताने फिरवावा. पात्याने पट्टी दोन-तीन मिलिमीटर पुढे ओढली पाहिजे, आणि प्रत्येक पात्याच्या दोन्ही टोकांना ही ओढ सारखीच हवी. टेबल खाली राहिले तर फळीच्या शेवटी खड्डा पडतो. वर राहिले तर फळी टेबलाच्या कडेला अडते. सगळे जुळल्यावर बोल्ट आळीपाळीने पक्के आवळून ओढ पुन्हा तपासावी, कारण आवळताना पाते हमखास सरकते.

मग पाचर काढून, ब्लॉक हाताने एक पूर्ण फेरा फिरवून, पाने-हत्यारे टेबलावरून उचलून, गार्ड व पट्टा चढवावा आणि बाजूला उभे राहून मशीन सुरू करावी. पहिली फळी टाकाऊच घ्यावी, काप 1 मिलिमीटरपेक्षा जास्त देऊ नये आणि एक फुटाहून आखूड तुकडा मशीनवर घालू नये.

उतरवलेली पाती कागदात गुंडाळून धारेला पाठवताना पूर्ण संच एकत्रच द्यावा. एकच पाते घासले गेले तर वजनात फरक पडून ब्लॉक थरथरतो आणि बेअरिंग लवकर जातात.