जुना सरफेस ग्राइंडर पुन्हा चालता करताना

इंदूरच्या पोलोग्राउंड भागातले एक छोटे टूलरूम बंद झाले, तेव्हा तिथला हाताने चालवायचा सरफेस ग्राइंडर, म्हणजे फिरत्या घासणाऱ्या चाकाने (व्हीलने) धातूचा पृष्ठभाग सपाट करणारे यंत्र, मी भंगाराच्या भावाहून थोडे अधिक पैसे देऊन घेतला. मी व्यवसायाने हिशेबनीस. यंत्रकाम हा माझा रविवारचा छंद. त्याआधी मी एक व्हाइस आणि एक पिलर ड्रिल दुरुस्त केले होते, त्यामुळे हेही काम तसेच पार पडेल अशी माझी समजूत होती. परंतु ग्राइंडर ही निराळीच जात आहे. ड्रिलच्या स्पिंडलमध्ये, म्हणजे फिरणाऱ्या दांड्यात, 0.05 मिमीचा खेळ असला तरी भोक पडते. सरफेस ग्राइंडरकडून मात्र आपण मायक्रॉनची, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागाची अपेक्षा ठेवतो, आणि उत्साहाच्या भरात केलेल्या साफसफाईत हीच अचूकता सर्वांत आधी नाहीशी होते.

रामबागेतल्या आमच्या शेजारच्या काकांनी सांवेर रोडवरच्या कारखान्यांत आयुष्यभर टूलरूम सांभाळले आहे. मी रंग आणि पॉलिश पेपर घेऊन आलो, तेव्हा त्यांनी एवढेच सांगितले, “रंग अगदी शेवटी. आधी मोज, वहीत लिहून ठेव, मग पाना हातात घे.” नव्याने या छंदात येणाऱ्याला मला जे सांगायचे आहे, ते या वाक्यातच आले आहे, पुढचा मजकूर हा त्याचा तपशील समजावा.

यंत्र 450 × 150 मिमी टेबलाचे, वजन सुमारे 600 किलो. ते हलवण्यापूर्वी एक गोष्ट लक्षात ठेवावी. अशा बहुतेक यंत्रांत टेबल कशानेही आवळलेले नसते. खालच्या बेडवर एक व्ही आकाराची आणि एक सपाट अशा दोन स्लाइड असतात आणि टेबल केवळ स्वतःच्या वजनाने त्यांवर बसलेले असते. यंत्र टेम्पोत तिरके झाले, तर टेबल घसरून पडू शकते. म्हणून आम्ही टेबल आणि मॅग्नेटिक चक (काम चुंबकाने धरून ठेवणारा भाग) आधीच उचलून वेगळे नेले, व्हीलहेड (स्पिंडल आणि व्हील धरणारा वरचा भाग) खाली आणून लाकडी ठोकळ्यावर टेकवले आणि उरलेला सांगाडा पहार व लोखंडी पाइपांच्या रुळांवरून सरकवला.

घरी आल्यावर पहिली तपासणी स्पिंडलची केली. स्पिंडलचे तोंड फडक्याने स्वच्छ पुसून, एक मायक्रॉन वाचणारा डायल गेज त्याच्या टेपरवर, म्हणजे निमुळत्या भागावर, टेकवला आणि स्पिंडल हाताने सावकाश फिरवला. काटा पूर्ण फेऱ्यात तीन मायक्रॉन हलला. नंतर गेज स्पिंडलच्या टोकावर लावून तो मागेपुढे दाबून पाहिला. तिथेही हालचाल नगण्य होती. सियागंजात बेअरिंगची चौकशी करायला गेलो, तर दुकानदाराने यंत्राचे वय ऐकताच, “बेअरिंग तो बदलना ही पड़ेगा,” असे सांगून टाकले, आणि ओळखीच्या आणखी दोघांनी त्याला दुजोरा दिला. मी बदलली नाहीत. स्पिंडलची बेअरिंगे जोडीने, ठरावीक दाब देऊन बसवलेली असतात; ती ओढून काढताना चेंडूंवर जो धक्का बसतो, त्यानंतर ती पुन्हा वापरण्याजोगी राहतील याचा भरवसा नसतो, आणि नव्या अचूक जोडीची किंमत संपूर्ण यंत्राच्या किमतीजवळ जाते. तीन मायक्रॉनच्या स्पिंडलला हात लावू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

स्लाइड मात्र उघडाव्याच लागल्या. टेबलाखालच्या तेलाच्या चरांमध्ये ग्राइंडिंगची भुकटी आणि जुने तेल एकत्र होऊन शिशाच्या रंगाचा घट्ट थर बसला होता, इतका घट्ट की त्यावर नखाचा ओरखडाही उमटत नव्हता. ही भुकटी म्हणजे लोखंड कापणारे कणच आहेत, त्यामुळे ती स्लाइडवर घासली गेली तर स्लाइडच कापली जाणार. मी चरांमध्ये डिझेल भरून रात्रभर ठेवले आणि सकाळी बांबूच्या कामट्या तासून त्यांच्या टोकाने तो थर इंच-इंच उकरून काढला. प्रत्येक वेळी कामटी पुसायची, फडक्याची घडी बदलायची, एकदा वापरलेली बाजू पुन्हा स्लाइडला लावायची नाही. या कामात दोन रविवार गेले. एमरी पेपर स्लाइडच्या जवळपासही आणू नये. गंजाचा एखादा उंचवटा असेल, तर बारीक ऑइल स्टोन तेल लावून हलक्या हाताने फिरवावा, तोही उंचवटा जाईपर्यंतच.

स्वच्छ झालेल्या बेडची झीज मोजली. छोटी कामे नेहमी टेबलाच्या मध्यभागी होत असल्यामुळे अशा यंत्रांचा बेड मध्ये अधिक झिजतो. काकांनी आणून दिलेली तपासलेली स्ट्रेट एज टेबलावर ठेवून, गेज व्हीलहेडला बांधून टेबल या टोकापासून त्या टोकापर्यंत चालवले, तेव्हा पूर्ण लांबीत 12 मायक्रॉनचा फरक आला. मधल्या 150 मिमीत तो चारच मायक्रॉन होता. निळा रंग लावून स्क्रेपिंग करण्याचा, म्हणजे उंच जागा शोधून त्या हाताने खरवडण्याचा मोह मला झाला होता. परंतु स्क्रेपिंग हे आधी एखाद्या निरुपयोगी ओतीव तुकड्यावर महिनोन्‌महिने शिकायचे काम आहे, आणि माझी कामे मधल्या 150 मिमीत मावतात. बेड आहे तसा ठेवला, स्लाइडसाठीचे 68 ग्रेडचे तेल घातले.

विजेच्या बाबतीत थोडक्यात सांगतो. मोटर एक हॉर्सपॉवरची, तीन फेजची, 415 व्होल्टवर स्टार जोडणीत होती. घरी एकच फेज. टर्मिनल बॉक्समध्ये सहाही टोके बाहेर आलेली असल्यामुळे इलेक्ट्रिशियनने पट्ट्या बदलून डेल्टा जोडणी केली आणि एक फेज घेऊन तीन फेज देणारा व्हीएफडी बसवला. त्याआधी 500 व्होल्टच्या मेगरने वाइंडिंगचा इन्सुलेशन रोध तपासला. तो एक मेगओहमपेक्षा कमी आला असता, तर मोटर आधी वाळवावी लागली असती. फिरण्याची दिशा व्हील न लावता पाहावी. या यंत्राचा व्हीलचा नट डाव्या आट्यांचा आहे. स्पिंडल उलटा फिरला, तर तो सैल होऊ शकतो. झटक्यात थांबल्यानेही तो सैल होऊ शकतो, म्हणून व्हीएफडीमध्ये थांबण्याचा वेळही पुरेसा लांब ठेवला आहे.

व्हीलविषयी मात्र सविस्तर लिहिणे माझे कर्तव्य आहे. यंत्रासोबत पाच जुनी व्हील मिळाली होती. प्रत्येक व्हील मधल्या भोकात बोट घालून अधांतरी धरले आणि स्क्रूड्रायव्हरच्या लाकडी मुठीने कडेजवळ हलकेच वाजवले. चार खणखणीत वाजली. पाचव्याचा आवाज मातीच्या तडकलेल्या माठासारखा बद्द आला, डोळ्यांना मात्र त्यात काहीही दिसत नव्हते. ते तिथेच हातोडीने फोडले, म्हणजे भंगारातून ते दुसऱ्या कोणाच्या यंत्रावर चढणार नाही. उरलेली चारही कुठे, कशी ठेवली गेली होती हे ठाऊक नसल्याने वापरली नाहीत आणि 200 मिमी व्यासाचे नवे व्हील आणले. त्यावर ‘ए 46 के 5 व्ही’ असे लिहिले होते: ए म्हणजे ॲल्युमिनियम ऑक्साइड, 46 हा कणांचा जाडपणा, के हा पकडीचा मऊ-कठीणपणा, 5 ही कणांमधली मोकळीक आणि व्ही म्हणजे भाजून पक्का केलेला चिनी मातीसारखा बंध. कमाल वेग सेकंदाला 35 मीटर होता. आमचा स्पिंडल मिनिटाला 2880 फेरे फिरतो, म्हणजे कडेचा वेग सुमारे 30 मीटर. हा हिशेब केल्याशिवाय कोणतेही व्हील चढवू नये. व्हीलला दोन्ही बाजूंनी आवळणाऱ्या चकत्या, म्हणजे फ्लँज, सारख्या व्यासाच्या असाव्यात, व्हील आणि फ्लँज यांच्यामध्ये कागदी वॉशर असावेत, नट बेताने आवळावा आणि पहिल्यांदा सुरू केल्यावर निदान एक मिनिट व्हीलच्या रेषेतून बाजूला उभे राहावे.

डायमंडने व्हील ड्रेस करून, म्हणजे त्याची कड खरवडून गोल आणि ताजी करून, पहिला तुकडा घासला, तेव्हा त्यावर आडव्या लाटा उमटल्या. मला वाटले की दुकानदार बरोबर होता आणि बेअरिंगे गेली आहेत. काकांनी तुकडा खिडकीपाशी धरला, त्यावरून ऑइल स्टोन एकदा हलका फिरवला आणि चकाकणाऱ्या रेषांमधले अंतर मोजायला सांगितले. ते 18 मिमीच्या आसपास होते. त्यानंतरचा अर्धा तास आम्ही वहीत आकडेमोड करत होतो, आणि माझ्या मते या सगळ्या खटाटोपातला तो सर्वांत मोलाचा अर्धा तास होता. टेबल मी मिनिटाला साधारण 10 मीटर, म्हणजे सेकंदाला 167 मिमी या वेगाने फिरवत होतो. स्पिंडल सेकंदाला 48 फेरे फिरतो. दोष त्याचा किंवा व्हीलचा असता, तर लाटा साडेतीन मिमीवर आल्या असत्या. मोटर सेकंदाला 24 फेरे फिरते. तिच्या दोषाने लाटा सात मिमीवर आल्या असत्या. मोटरची पुली 150 मिमीची आणि पट्टा 1.2 मीटर लांबीचा, तेव्हा पट्टा सेकंदाला सव्वानऊ ते साडेनऊ वेळा फिरतो, आणि 167 ला त्याने भागले की उत्तर 18 मिमीच्या जवळ येते. पट्टा काढून हातात घेतला. यंत्र पडून असताना तो पुलीवर एकाच जागी वाकून राहिला होता आणि त्या जागी बोटाला जाणवेल असा ताठ बाक आला होता. नवा पट्टा बसवल्यावर लाटा गेल्या. बेअरिंगे बदलून घेतली असती, तर पैसे खर्च झाले असते, चांगला स्पिंडल बिघडण्याचा धोका पत्करला असता आणि लाटा तशाच राहिल्या असत्या.

शेवटचे काम चक त्याच्याच जागी घासण्याचे. यंत्र अर्धा तास चालवून गरम होऊ द्यावे, व्हील ताजे ड्रेस करावे आणि चुंबक चालू ठेवावे, कारण चुंबक चालू असताना चकची वरची पाटी किंचित खेचली जाते आणि पुढे काम त्याच स्थितीत होणार असते. पाटीवर मार्करने तिरप्या रेघा ओढून एका वेळी पाच मायक्रॉन घेत गेलो आणि शेवटची रेघ पुसली जाताच थांबलो, कारण पाटीची जाडी मर्यादित असते. मग चार कोपऱ्यांत व मध्ये असे पाच ठोकळे ठेवून एकत्र घासले आणि मायक्रोमीटरने मोजले. मधला आणि कोपऱ्यांतले यांत सात मायक्रॉनचा फरक आला.  वहीत तो आकडा तारखेसह लिहिला आहे. उभ्या फीडच्या स्क्रूमध्ये अजून 0.1 मिमीचा बॅकलॅश (दिशा बदलताना जाणवणारा रिकामा खेळ) आहे, म्हणून माप गाठताना व्हील आधी वर नेऊन नेहमी वरून खालीच आणतो. रंग द्यायचा अजून राहिला आहे.