कार अलार्म: चोराचं काम सोपं करणाऱ्या या चुका टाळा

अलार्म घेताना आपण सायरनचा आवाज ऐकून खूश होतो. चोर बघतो ती सायरनची वायर. बॉनेट उघडताच बॅटरीशेजारी सायरन दिसला, तर दोन वायरी कापल्या की काम झालं. बरेच फिटर तो तिथेच बसवतात, कारण तिथे हात सहज पोचतो. चोराचाही पोचतो. सायरन फेंडरच्या (चाकावरच्या पत्र्याच्या) आतल्या बाजूला, इंजिनच्या उष्णतेपासून लांब आणि तोंड खाली करून बसवून घ्या. तोंड वर राहिलं तर पाणी साचून तो चोराशिवायच बंद पडेल.

सायरन गाडीच्याच बॅटरीवर चालणारा असेल, तर बॅटरीची वायर काढताच तो मुका होतो. आत स्वतःची बॅटरी असलेला सायरन उलट वीज तुटली की ओरडू लागतो. मात्र ही आतली बॅटरी काही वर्षांत मरते आणि कुणाला पत्ताही लागत नाही. म्हणून वर्षातून एकदा बॉनेट उघडं ठेवून अलार्म लावा, मिनिटभर थांबा आणि बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. सायरन वाजला नाही, तर आतली बॅटरी गेली असं धरून चाला. (कानांत बोळे घालूनच हे करा, आणि स्टिरिओला कोड लागत असेल तर तो आधी शोधून ठेवा.) अशा सायरनला बंद करायची छोटी किल्ली येते. ती ग्लोव्ह बॉक्समध्ये ठेवू नका.

बॉनेटखालचा पिन स्विच गंजला, तर बॉनेट उघडल्याचं अलार्मला कळतच नाही. तो साफ करायला पाच मिनिटं पुरतात.

आता सगळ्यांत दुर्लक्षित चूक: शॉक सेन्सर, म्हणजे गाडीला बसलेला धक्का ओळखणारा भाग, अति संवेदनशील ठेवणं. ट्रक गेला तरी गाडी बोंबलते, आठवड्याभरात शेजारी लक्ष देणं सोडतात. काही चोर मुद्दाम गाडीला धक्का देऊन लपतात. दोनतीनदा असं झालं की मालक वैतागून स्वतःच अलार्म बंद करून झोपतो. वायर कापायचीही गरज उरली नाही! काचेवर बोटाने टकटक केली तर गप्प राहावा आणि तळहाताने जोरात थोपटलं तर वाजावा, इतपत सेन्सर जुळवा.

व्हॅले स्विच, म्हणजे गाडी दुसऱ्याच्या हाती देताना अलार्म तात्पुरता बंद ठेवणारं बटण, स्टिअरिंगखाली हाताशी ठेवू नका, आणि त्यासाठी पिन क्रमांक असेल तर कंपनीचा मूळ क्रमांक लगेच बदला. गाडी सर्व्हिसिंगहून आली की डॅशबोर्डवरचा दिवा बघा. बऱ्याच अलार्ममध्ये तो लुकलुकण्याऐवजी सलग जळत असेल, तर व्हॅले मोड चालूच राहिलेला असतो.

रिमोट दाबून मागे न बघता निघून जाणंही महागात पडतं. जवळ कुणी रिमोटचा सिग्नल अडवणारा जॅमर लावला असेल तर गाडी लॉकच होत नाही, म्हणून हँडल ओढून पाहा. चावीविना उघडणाऱ्या गाडीची चावी घरात दाराजवळ टांगली, तर तिचा सिग्नल बाहेरच्या गाडीपर्यंत पोचवणारी उपकरणं चोरांकडे असतात. मग अलार्मला वाटतं मालकच आला. सिग्नल अडवणारी पिशवी वापरा. चावी पिशवीत घालून गाडीच्या दाराशी उभे राहा. दार उघडलं तर ती पिशवी कुचकामी.

नुसता आवाज करणाऱ्या अलार्मला स्टार्टरची वीज तोडणाऱ्या रिलेची (विजेवर चालणाऱ्या छोट्या स्विचची) जोड द्या. त्याची वायर मूळ वायरींच्याच रंगाची घ्या आणि त्यांच्याबरोबर टेपमध्ये गुंडाळून घ्या. चकचकीत लाल वायर चोराला थेट रिलेपर्यंत नेते.